लाल समुद्रात आपलं नौदल आघाडीबाहेर राहिलं ते बरोबर होतं का?

निवतीचा_दिवा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकते. माझा धाकटा भाऊ टँकरवर सेकंड इंजिनिअर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून डेकवर उतरून गॅलेक्सी लीडर हे जहाज पळवलं ना, तेव्हापासून आमच्या घरात लाल समुद्राच्या तोंडावरच्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीचं नाव रोज निघतं. आई नकाशा उघडून बसते. तो फोनवर काही सांगत नाही, सगळं बरं आहे एवढंच.

तर प्रश्न असा. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेनं तिथल्या जहाजांच्या रक्षणासाठी ऑपरेशन प्रॉस्पेरिटी गार्डियन ही अनेक देशांची मोहीम जाहीर केली, फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपियन युनियननं आपली आस्पिदेस मोहीम सुरू केली. आपण दोन्हीकडे नाही. आपण आपल्या युद्धनौका स्वतंत्र पाठवल्या, मुख्यतः एडनचं आखात आणि अरबी समुद्राच्या पश्चिम भागात, आणि काम जबरदस्त केलं हे मान्यच. पण क्षेपणास्त्रं पडत होती ती जास्त करून लाल समुद्रात, आणि तिथल्या जहाजांवर आपली पोरं होती. मला वाटतं आपण सरळ आघाडीत जायला हवं होतं. तुम्हाला काय वाटतं? जहाजावर काम केलेल्यांनी जरूर लिहा. पक्षांची भांडणं इथे नकोत, हात जोडून विनंती.

पावशेर
पहिला नंबर! चहा घेऊन बसलोय. ब्रिजवॉच काकांना कोणीतरी हाक मारा रे.

घाटमाथा
असहमत. आघाडीत जाणं म्हणजे नुसतं पहारा देणं नाही. प्रॉस्पेरिटी गार्डियन जाहीर झालं आणि महिन्याच्या आत, १२ जानेवारी २०२४ ला, अमेरिका-ब्रिटननं येमेनवर हल्ले सुरू केले. कागदावर त्या दोन वेगळ्या मोहिमा होत्या, पण किनाऱ्यावर बसलेल्या हुथीला तो फरक कोण समजावणार? आपला झेंडा तिथे दिसला असता तर जे भारतीय झेंड्याचं जहाज आज निवांत जातंय तेही हुथींच्या यादीत आलं असतं. अरब देशांमधून जाहीरपणे फक्त बहारीन त्यात होता. ज्या इजिप्तचं सुएझचं उत्पन्न बुडत होतं तोसुद्धा बाहेर राहिला, सौदी बाहेर राहिला. आखातात आपली लाखो माणसं कामाला आहेत, इराणबरोबर चाबहार बंदराचं काम आहे. आपण बाहेर राहिलो ते शंभर टक्के बरोबर.

निवतीचा_दिवा
@घाटमाथा, भारतीय झेंड्याचं जहाज निवांत जातं हे खरं, पण माझा भाऊ भारतीय झेंड्याच्या जहाजावर नाहीच आहे! त्याचं जहाज मार्शल आयलंड्सचं, मालक ग्रीक, माल आणखी तिसऱ्याचा. मग त्याचा वाली कोण?

ब्रिजवॉच
हाक ऐकली, आलो. निवतीताई, तुमचा हा दुसरा प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा मोठा आहे. झेंडा एकाचा, मालकी दुसऱ्याची, माल तिसऱ्याचा आणि माणसं आपली, हे आता जवळजवळ सगळीकडेच आहे आणि कायद्यानं जहाजाची जबाबदारी पहिली झेंड्याच्या देशाची. आता मार्शल आयलंड्स किंवा लायबेरिया काय युद्धनौका पाठवणार?

एक उदाहरण देतो. २६ जानेवारी २०२४, एडनचं आखात, मार्लिन लुआंडा नावाचा टँकर. झेंडा मार्शल आयलंड्सचा, क्रूमध्ये २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. क्षेपणास्त्र लागलं, कार्गो टँकला आग. टँकरवर आग म्हणजे काय हे तुमच्या भावाला विचारा, तो सांगणार नाही तो भाग वेगळा. क्रू जहाज सोडून गेला नाही, फोम संपला तरी समुद्राचं पाणी मारत राहिले. आणि मदतीला कोण आलं बघा: अमेरिकेची कार्नी, फ्रान्सची अल्सास आणि आपली आयएनएस विशाखापट्टणम. आपल्या नौकेवरून आग विझवणारी टीम त्या टँकरवर चढली आणि क्रूबरोबर उभी राहून आग आटोक्यात आणली. त्या कॅप्टनला आणि क्रूला पुढे आयएमओनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं, शौर्याचा पुरस्कार दिला.

आता यात आघाडी कुठली होती? आपण प्रॉस्पेरिटी गार्डियनमध्ये नव्हतो आणि तरी तीन नौदलं एका जहाजाभोवती होती. कारण मेडेला, म्हणजे जहाजानं रेडिओवर दिलेल्या संकटाच्या हाकेला, उत्तर देताना कोणी करार काढून बघत नाही. आणि दुसरं, ही नौदलं गेली कित्येक वर्षं त्या पाण्यात एकमेकांशी बोलत आलीत. ते बोलणं जास्त महत्त्वाचं आहे. जाहीर केलेलं नाव त्यामानानं कमी.

तिसरी_घंटा
अंगावर काटा आला. हे पेपरात चार ओळींत आलं असेल.

अनुस्वार
"ती नौदलं एकमेकांशी बोलत आलीत" म्हणजे नक्की कसं? व्हीएचएफ रेडिओवर?

ब्रिजवॉच
@अनुस्वार, व्हीएचएफवर तर बोलतातच, पण त्याच्या मागे मोठी व्यवस्था आहे.

२००८ साली सोमाली चाचेगिरी वाढली तेव्हा जो तो आपापली नौका घेऊन आला. आपली गस्त ऑक्टोबर २००८ पासून, युरोपची अटलांटा मोहीम त्याच डिसेंबरात, चीनसुद्धा त्याच डिसेंबरात, आणि अमेरिकेच्या पुढाकारानं बहारीनला जे संयुक्त दल आहे त्यांनी जानेवारी २००९ मध्ये चाच्यांविरुद्धचं सीटीएफ १५१ हे पथक उभं केलं. एवढ्या नौका आणि कोणी कोणाच्या हुकमाखाली नाही, मग एकाच ठिकाणी चार नौका आणि पुढचे दोनशे मैल रिकामे असं व्हायला लागलं. त्यावर उपाय म्हणून बहारीनला शेड नावाची बैठक सुरू झाली. तिथे सही-शिक्के नाहीत, आदेश नाहीत, फक्त कोणाची नौका कधी कुठे असेल हे समोरासमोर बसून ठरवायचं. एडनच्या आखातात जहाजांसाठी एक ठरीव मार्ग आखला, त्यावर ठरलेल्या वेळी ताफे सुटायचे. आणि २०१२ पासून भारत, चीन आणि जपान या तिघांनी आपापल्या ताफ्यांचं वेळापत्रक एकमेकांशी जुळवून घेतलं, म्हणजे एकाचा ताफा सुटला की दुसऱ्याचा थोड्या अंतरानं. कुठल्याही झेंड्याचं जहाज कुठल्याही ताफ्यात जाऊ शकायचं. मी स्वतः चिनी फ्रिगेटच्या मागे जहाज नेलंय आणि पुढच्या खेपेला आपल्या नौकेच्या मागे. ब्रिजवर दुर्बिणीतून तिरंगा दिसला की काय वाटतं ते सांगता येत नाही, पण चिनी पोरांनीही काम चोख केलं हे सांगायलाच हवं.

तिसरी_घंटा
भारत आणि चीन एका वेळापत्रकात!! इकडे टीव्हीवर रोज युद्ध चालू असतं.

घाटमाथा
चीन तिथे चाचे पकडायला थांबलाय असं कोणी समजू नये. त्या निमित्तानं २०१७ मध्ये जिबूतीला त्यांनी परदेशातला पहिला तळ उघडला. चाचेगिरी कमी झाली तरी ताफे सुरूच. शिवाय अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली सगळेच त्या एवढ्याशा जिबूतीत. आपण ओमानमध्ये दुक्म बंदराची सोय मिळवली, मॉरिशसच्या अगालेगा बेटावर धावपट्टी आणि जेट्टी बांधली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. हे असंच करायला हवं, स्वतःच्या पायावर.

हर्णैकर
मी मासेमारीवाला माणूस, मोठ्या गोष्टी कळत नाहीत पण एक सांगतो जे इथे कोणी बोलत नाहीये. सोमालियातल्या चाच्यांचा त्रास आम्हाला दापोलीच्या किनाऱ्यावर झाला. कसा? २०१० मध्ये शिपिंगवाल्यांच्या संघटनांनी धोक्याच्या क्षेत्राची हद्द पार ७८ पूर्व रेखांशापर्यंत ओढली म्हणजे अख्खा अरबी समुद्र आणि आपला पश्चिम किनारा त्यात. मग विम्याचे पैसे आणि धोका वाचवायला मोठी जहाजं आपल्या किनाऱ्याला चिकटून जायला लागली, आमची जाळी जिथे असतात तिथूनच. रात्री दिवे बघून पोटात गोळा यायचा. त्यावर बंदुका घेतलेले गार्ड, त्यांना लहान बोट दिसली की चाचा वाटायची. आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळजवळ तेच झालं, एनरिका लेक्सी या इटालियन टँकरवरच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या आणि दोन मच्छीमार गेले. काहीही दोष नसताना. नुकसानभरपाईचे दहा कोटी येऊन केस बंद व्हायला २०२१ उजाडलं. हद्द मागे ६५ रेखांशावर न्यायला २०१५ चा डिसेंबर लागला, तोही आपल्या सरकारनं सारखं मागे लागल्यावर. तर सागरी सुरक्षा म्हणताना आमच्या सुरक्षेचं पण बघा.

निवतीचा_दिवा
हर्णैकर दादा, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. आमच्या वाडीतलेही कितीतरी लोक समुद्रावर जातात, पण हद्दीचं हे गणित मला माहीत नव्हतं.

वकील_काकू
गार्डच्या विषयावरून आठवलं, पकडलेल्या चाच्यांचं पुढे काय होतं हाही या सहकार्यातला सगळ्यात कच्चा दुवा आहे. पकडतो एक, जहाज दुसऱ्याचं, आरोपी तिसऱ्या देशाचे, साक्षीदार खलाशी चार महिन्यांत साइन ऑफ करून घरी. खटला कुठे चालवणार? कित्येकदा युरोपीय नौदलांनी हत्यारं समुद्रात टाकून चाच्यांना परत किनाऱ्यावर सोडून दिलंय.

आपल्याकडचा जुना दाखला म्हणजे अलोंड्रा रेनबो. १९९९ मध्ये इंडोनेशियातून ॲल्युमिनियम घेऊन निघालेलं जपानी मालकीचं जहाज चाच्यांनी पळवलं, रंग बदलला, नाव बदललं. आपल्या तटरक्षक दलानं आणि नौदलानं अरबी समुद्रात पाठलाग करून पकडलं. मुंबईत खटला चालला, २००३ मध्ये सात वर्षांची सक्तमजुरी झाली आणि २००५ मध्ये हायकोर्टात सगळे सुटले. तेव्हा आपल्याकडे चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच नव्हता, भारतीय दंड संहितेची कलमं ओढून-ताणून लावायची.

तो कायदा अखेर डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत झाला. आणि त्याची खरी परीक्षा एमव्ही रुएनच्या वेळी आली. माल्टाच्या झेंड्याचं ते जहाज डिसेंबर २०२३ मध्ये पळवलं होतं, चाचे त्याचा मदरशिप म्हणून, म्हणजे लांबच्या हल्ल्यांसाठी तरता तळ म्हणून, वापर करायच्या बेतात होते. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकातानं ते भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर गाठलं, आयएनएस सुभद्रा मदतीला, हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो आणि त्यांच्या बोटी पॅराशूटनं समुद्रात उतरवल्या. ४० तास चाललं, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप, त्यात सात बल्गेरियाचे. एकाही खलाशाला खरचटलं नाही. आणि त्या ३५ जणांना कोलकाता मुंबईला घेऊन आली आणि मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिलं. पकडून सोडून दिलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पावशेर
३५ चाचे मुंबईत! आमच्या डोंबिवली लोकलला एकदा चढवायचे, पुढच्या स्टेशनला माफीनामा.

तिसरी_घंटा
😂 पावशेर, तुझ्यासाठी वेगळा धागा.

खारवी
थोडं अवांतर, पण विषय सहकार्याचा आहे म्हणून लिहितो. समुद्रावर कोणाची मदत घेतो याचा आपल्या मराठी लोकांना एक फार महागडा अनुभव आहे. १७५६, विजयदुर्ग. पेशव्यांना तुळाजी आंग्रे जुमानत नव्हता, म्हणून पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. वॉटसनचं आरमार समुद्रातून, क्लाइव्ह जमिनीवरून. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून खाक झालं. किल्ला पेशव्यांना द्यायचं ठरलं होतं, इंग्रज आत शिरले आणि बसले. शेवटी बाणकोट आणि त्याच्या बाजूची गावं इंग्रजांना देऊन विजयदुर्ग परत घ्यावा लागला. पण आरमार काय परत आलं नाही. त्यानंतर कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना अडवायला उरलं कोण? म्हणून मी घाटमाथाच्या बाजूचा, दुसऱ्याच्या आरमाराच्या भरवशावर राहायचं नाही.

घाटमाथा
खारवी, निष्कर्ष माझ्या बाजूचा असला तरी सगळा दोष पेशव्यांवर टाकणं मला पटत नाही. तुळाजीनं चौफेर सगळ्यांशी वैर घेतलं होतं, भावाशी मानाजीशीसुद्धा.

खारवी
वैर होतं म्हणून स्वतःच्या किनाऱ्याचं आरमार परक्याकडून जाळून घ्यायचं? हे मला कधीच पटणार नाही.

निवतीचा_दिवा
दोघांनाही विनंती, विजयदुर्गसाठी नवीन धागा काढा, मी पहिली येईन. आत्ता लाल समुद्र.

मस्कतकर
मी इथे ओमानमध्ये बंदराशी संबंधित काम करतो. एक बाजू राहून गेली ती म्हणजे लाकडी गलबतं. मांडवी, जोडिया, सलाया इथली गुजराती वहाणं आजही तांदूळ, साखर घेऊन सलालाहून सोमालियाला जातात. त्यांच्याकडे ना काटेरी तारा, ना गार्ड, ना क्रूनं लपायचं सिटाडेल. एप्रिल २०१७ मध्ये मांडवीचं अल कौसर असंच सोमाली चाच्यांनी पळवलं होतं. कंटेनर जहाजाला एस्कॉर्ट मिळतो, या लोकांना कोण विचारतं? त्यांच्यासाठी एकच उपयोगी गोष्ट आहे, माहिती. कुठे चाच्यांची असते तशी छोटी वेगवान बोट, स्किफ, दिसली, कुठली मासेमारी बोट बेपत्ता आहे, हे वेळेत कळणं.

आणि बेपत्ता मासेमारी बोटींवरून सांगतो. जानेवारी २०२४ च्या अखेरीला आयएनएस सुमित्रानं दीड-दोन दिवसांत दोन इराणी बोटी सोडवल्या, इमान आणि अल नईमी. दुसरीवर १९ पाकिस्तानी मच्छीमार होते. आपल्या नौदलानं पाकिस्तानी माणसं सोडवली याची इथल्या माझ्या कराचीच्या सहकाऱ्यानं स्वतः येऊन आठवण काढली, हात हातात घेऊन. मला भरून आलं.

अनुस्वार
मस्कतकरांचा प्रतिसाद सुरेख. माहितीचं म्हणाल तर आपलं त्यासाठीचं केंद्र २०१८ पासून गुरुग्रामला आहे, तिथे मित्रदेशांचे अधिकारी येऊन बसतात. समुद्रापासून एवढं लांब गुरुग्राम का ते विचारू नका, पडद्यावरचाच समुद्र बघायचाय.

मी आर्थिक बाजू सांगतो. सुएझ टाळून आफ्रिकेच्या टोकाच्या केप ऑफ गुड होपला वळसा म्हणजे दहा ते पंधरा दिवस जास्त. नाशिकची द्राक्षं युरोपला समुद्रमार्गेच जातात. २०२४ च्या हंगामात कंटेनरचं भाडं वाढलं आणि माल पोचायला एवढे दिवस जास्त, द्राक्षासारख्या मालाला हे किती जड आहे ते बागायतदारालाच कळेल. माझ्या मामांची बाग आहे निफाडकडे, त्यांना हुथी हा शब्द माहीत नव्हता, भाव पडल्यावर कळला. त्यामुळे लाल समुद्र फक्त खलाशांचा विषय नाही.

बंदरावरची_मी
पहिल्यांदाच लिहितेय. नवरा चीफ ऑफिसर आहे. सगळे नौदलांवर लिहिताय पण जहाजावरच्या माणसाला एक हक्क आहे तो निवतीताईंच्या भावापर्यंत पोचला पाहिजे. लाल समुद्राचा दक्षिण भाग आणि एडनच्या आखाताचा काही भाग आंतरराष्ट्रीय कामगार-मालक करारात युद्धसदृश क्षेत्र म्हणून घोषित झालाय. ज्यांचा करार त्याखाली येतो त्यांना तिथे जायला नकार देता येतो, कंपनीनं स्वखर्चानं घरी पाठवायचं, आणि गेलात तर त्या दिवसांचा मूळ पगाराइतका बोनस आणि मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाई दुप्पट. नवऱ्याच्या एजंटनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं, उलट नाही म्हणालास तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट विसर असं सुचवलं. युनियनला फोन केला तेव्हा कळलं. मार्च २०२४ मध्ये ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावरच्या हल्ल्यात तीन खलाशी गेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. आयएनएस कोलकातानं २१ जणांना बाहेर काढलं. त्या तिघांना कोणी विचारलं होतं का, जायचंय का म्हणून? मला रात्र रात्र हेच आठवायचं.

ब्रिजवॉच
ताई, फार मोलाचं लिहिलंत. तरुण पोरांना सांगतो, साइन ऑन करण्याआधी करार त्या व्यवस्थेखाली येतो का ते विचारा, आणि नकार द्यायचा तर लेखी द्या, कॅप्टनला ईमेलवर.

निवतीचा_दिवा
@बंदरावरची_मी, आजच भावाला पाठवते. थँक्यू नाही म्हणणार, भेटूया.

आता मूळ मुद्द्यावर येते. सगळं वाचून मला एवढं पटलं की प्रॉस्पेरिटी गार्डियनमध्ये नाव घातल्यानं माझा भाऊ जास्त सुरक्षित झाला असता असं नाही. पण आस्पिदेसचं काय? ते तर फक्त बचावाचं होतं, येमेनवर हल्ला नाही, फक्त एस्कॉर्ट आणि आलेलं क्षेपणास्त्र पाडणं. त्यात निदान समन्वयानं, ब्रिजवॉच काका म्हणाले तसं वेळापत्रक जुळवून, लाल समुद्रात जायला काय हरकत होती? चाच्यांच्या बाबतीत चीनबरोबर जमलं तर फ्रान्स-इटलीबरोबर का नाही?

घाटमाथा
हा प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर: नौका किती? तेव्हा दहाहून जास्त युद्धनौका आपण पश्चिमेला गुंतवल्या होत्या. केम प्लुटो या टँकरवर तर डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांवर ड्रोन पडला. घराजवळचं सोडून लांब कसं जाणार? आणि अमेरिका-युरोप लाल समुद्रात अडकले म्हणूनच सोमाली चाचे पुन्हा बाहेर पडले, ती रिकामी जागा आपणच भरली.

ब्रिजवॉच
घाटमाथा बरोबर आहेत, पण अर्धे. रिकामी जागा भरली हे आपलं सगळ्यात मोठं योगदान. नौदलानं पहिल्या शंभर दिवसांचा जो हिशोब दिला त्यात ११० जीव वाचवले, त्यातले ४५ भारतीय, म्हणजे निम्म्याहून जास्त परके. एक आतली वाटणी आपोआप झाली, क्षेपणास्त्रं त्यांनी बघितली, चाचे आपण.

पण निवतीताईंशी मी सहमत आहे की ती वाटणी कायमची धरून चालणार नाही. जुलै २०२५ मध्ये एका आठवड्यात मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही दोन जहाजं हुथींनी बुडवली, तेव्हा त्यांच्याबरोबर एकही युद्धनौका नव्हती, कोणत्याच देशाची नव्हती. माझं मत स्पष्ट आहे: ज्या जहाजावर भारतीय खलाशी आहेत त्याला एस्कॉर्ट मागायचा हक्क हवा, झेंडा कुठलाही असो, आणि त्यासाठी आस्पिदेसबरोबर वेळापत्रकाचा समन्वय करावा. आघाडी नको, सही नको, नौकांच्या तारखा जुळवा. सुरुवातही झालीय म्हणा, अटलांटाच्या नौका २०२५ च्या मे अखेरीला मुंबईत आल्या आणि मग आपल्या नौदलाबरोबर सराव झाला.

खारवी
हे मला चालेल. हुकूम आपलाच राहतो.

हर्णैकर
आणि गार्डना मच्छीमार बोटी ओळखायला शिकवा.

पावशेर
काका एक शंका, ते सिटाडेल म्हणजे नुसती बंद खोली ना? आत बसून वाट बघायची?

ब्रिजवॉच
@पावशेर, बंद खोली एवढंच असेल तर तो सापळा होतो. नौदलाचे कमांडो चढण्याआधी तीन गोष्टी बघतात. एक, झाडून सगळा क्रू आत आहे का, एक जरी बाहेर चाच्यांच्या हातात असला तर चढता येत नाही. दोन, आतून बाहेर बोलायला जहाजाच्या यंत्रणेवर अवलंबून नसलेलं स्वतंत्र साधन आहे का. तीन, चाच्यांना इंजिन हाती लागणार नाही याची सोय केलीय का. जानेवारी २०२४ मध्ये लिला नॉरफोक जहाजाचे २१ जण, त्यात १५ आपले, असेच आत बसून होते, आयएनएस चेन्नईचे मार्कोस चढले तोवर चाचे पळाले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरातच्या सिक्काहून डर्बनला निघालेल्या हेलास ॲफ्रोडाइट टँकरवर २४ जण आत, स्पेनची युद्धनौका व्हिक्टोरिया येईपर्यंत.

निवतीताई, भावाला विचारा त्याच्या जहाजावरचा सिटाडेलमधला सॅटेलाइट फोन शेवटचा कधी तपासला, आणि त्याची अँटेना वर डेकवर कुठे आहे. ती चाच्यांच्या हाताला लागेल अशा जागी असली तर बदलून घ्यायला सांगा.

निवतीचा_दिवा
विचारलं. जहाज उद्या फुजैराला अँकरेजवर येतंय, तेव्हा बघून सांगतो म्हणाला.